गुंजेचे डोळे

हात कापायला लागलाय, हे दत्तारामने घरीसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं. चाळीस वर्षं सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणारा माणूस. डोळ्याचा टिपका वाकडा पडतो हे सांगणार कुठल्या तोंडाने? म्हणून यंदाच्या पोपटांना त्याने रंगाऐवजी गुंजा चिकटवल्या. लालभडक बी, टोकाला काळा ठिपका, डोळा आयताच तयार. सुगंधाच्या दुकानात गिऱ्हाइकं म्हणाली, काय जिवंत डोळे! गडी फुगला. गुंज चावली तर विष, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण शोभेच्या पोपटाचा डोळा कोण खातंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. सोयीचं शहाणपण कुणी तपासून बघत नाही.

त्या दुपारी तो रंगवलेले पाट घेऊन दुकानात शिरला, तेव्हा अ‍ॅनी नावाची एक बाई बहिणीसाठी काहीतरी निवडत होती. तिची तीन वर्षांची एलिना खाली बसून पोपटाशी खेळत होती. दत्तारामने कौतुकाने वाकून पाहिलं. पोपटाला एकच डोळा होता. दुसऱ्या जागी नुसता सुकलेला डिंक. आणि पोरीचं तोंड हलत होतं.

त्याच्या पाचावर धारण बसली. हातातले पाट धाडकन खाली पडले.

"बाय, चेडवाच्या तोंडात बघ! गुंज आसा ती, ईख आसा!"

अ‍ॅनीने पोरीला उचलून गदागदा हलवलं. "थुंक! एलिना, थुंक म्हणतंय ना!" एलिनाने ओठ गच्च मिटले. आई आणखी एकदा ओरडली तर ही पोर हट्टाने कचकन चावणार, हे दत्तारामला दिसत होतं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तळहात पुढे धरला. सगळ्यांदेखत तो हात थरथरत होता.

"माझ्या पोपटाक दिसना नाय गो. त्येचो डोळो दितंस?"

एलिनाने पोपटाकडे पाहिलं. मग त्याच्या तळव्यावर बी थुंकली.

त्याने दाराच्या उजेडात ती उलटसुलट करून पाहिली. अख्खी होती, दाताची खूणसुद्धा नव्हती. "तरी डॉक्टराक दाखव," तो म्हणाला. अ‍ॅनी रडत, पोरीचे मुके घेत रिक्षात बसली आणि गेली.

दत्तारामने फळीवरचे पोपट भराभर खाली काढले. तीनच होते.

"सुगंधा, बाकीचे खंय?"

"विकले. आठ गेले."

"कोणी नेले?"

"पर्यटक होते. कोण पुण्याचे, कोण खंयचे. नाव कोण इचारता?" सुगंधाचा आवाज खाली आला. "दोघी बायांनी तर पाळण्यावर टांगूक नेले."