खोळ

देवस्थान कमिटीच्या शैलेशच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे बंडोपंतांना म्हसोबाच्या देवळापुढं चपला काढताना पुन्हा आठवलं. महिना उलटून गेला होता. 'मूर्ती भंगली आहे. विसर्जन करून जयपूरहून संगमरवरी मूर्ती आणावी, असं कमिटीचं मत आहे. आपण पोथ्या वाचलेले. शास्त्र काय सांगतं, ते लेखी कळवावं.' पंतांनी जन्मभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली होती. शास्त्र सांगायची आपली पात्रता काय, या विचारात कागद कोराच राहिला. येत्या अमावस्येला देव धरणात सोडणार, असं सकाळी कानावर आलं, म्हणून ते आले होते.

पायरीखाली गोजराबाई बसल्या होत्या.

"आत या की," पंत म्हणाले.

"म्या न्हाई. शेंदूर लावाया गेले आन् देवाचं तोंड माज्याच पायावर पडलं. आता सून घरातल्या देवाला बी हात लावू देत न्हाई."

"तसं काही…"

"पंत, व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. उगं 'तसं काही' काय लावलंय?"

पंत खाली मान घालून आत गेले. कौलं फुटून तिरपं ऊन गाभाऱ्यापर्यंत आलं होतं. भिंतीचा चुना पोपडे धरून सुटला होता आणि त्याखालचा दगड उन्हात निळसर दिसत होता. भंगलेला देव दृष्टीस पडू नये म्हणून तोंड पडलं त्या दिवशीच त्यावर धोतराचं पान टाकलेलं. ते उचलून बघायचं धाडस कुणी केलं नव्हतं. शेजारी पाटीत लाल तुकडे होते.

पंतांनी एक तुकडा उचलला. दगडाच्या मानानं तो फारच हलका लागला. त्याची कड पोथीच्या पानांसारखी होती: केशरी, तांबडं, काळपट, पुटावर पूट. सगळा शेंदूरच. दगडाचा कण नाही.

त्यांनी कापड बाजूला केलं.

खाली काळाभोर, अखंड देव होता. कधीकाळी पिढ्यान्पिढ्यांचे तेलकट हात फिरून त्याचं नाक सपाट झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे, ओठांची पुसट रेघ. दगड इतका मऊ दिसू शकतो, हे पंतांनी कुठं वाचलं नव्हतं. त्यांनी नकळत आपल्याच गालावरून हात फिरवला.

"गोजराबाई, देवानं खोळ टाकलीय," ते दारात येऊन म्हणाले. "साप कात टाकतो तशी. पडला तो शेंदूर. देव शाबूत आहे."

"नक्की? का 'तसं काही'?"

"नक्की."

त्या चौकटीला धरून आत आल्या. देवापुढं वाकल्या.

"अगं बया! नाकच न्हाई की ह्याला. माज्या सासूवानी दिसतोय." मग पदरानं त्यांनी देवाच्या कपाळावरची धूळ टिपली. "पर कमिटीला पटंल व्हय ह्यो? त्यास्नी गोरा देव पायजे."

नव्या देवळाचा रंगीत नकाशा चावडीवर कधीच लागला होता. देव भंगला, हे बऱ्याच जणांच्या सोयीचंच झालं होतं.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'मूर्ती बहुधा भंगलेली नाही.' त्या 'बहुधा'कडं ते बघत राहिले. मग दुसरा कागद घेतला.

'मूर्ती भंगलेली नाही. शेंदराची खोळ गळली आहे. विसर्जनाला कारण नाही. गोजराबाईंचा दोष नाही.' पेन थांबलं. मग खाली आणखी एक ओळ आली: 'सकाळच्या उन्हात एकदा येऊन बघावं.'

शैलेशचं घर चार दारं सोडून होतं. पण त्यानं "काय पंत, चहा घेणार ना?" म्हटलं, की आपण "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा" म्हणून परत येऊ, हे पंतांना ठाऊक होतं. त्यांनी पाकिटावर तिकीट लावलं आणि टपालपेटी होती त्या कोळवणची एसटी धरली.

टपालपेटीच्या तळाला पाकीट टेकल्याचा आवाज आला, तरी त्यांची बोटं थोडा वेळ पेटीच्या तोंडातच राहिली.