मोकळा हात

थोरलीने डाव्या हाताने झाडू ओढत खुर्चीखालचे केस गोळा केले. केस शाळेतल्या बाईंचे होते. इतकी वर्षं ते तिच्याच कात्रीखाली पडत आले होते. आता कात्री धाकट्या जावेच्या हातात होती आणि थोरलीच्या वाट्याला झाडलोट आली होती.

"या वेळी मागचे केस काय सुरेख बसलेत हो!" बाई आरशासमोर मान वळवत म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. या वेळी म्हणजे? मागच्या वेळी काय उंदराने कुरतडले होते? तिने केराची सुपली इतक्या जोरात आपटली की अर्धे केस पुन्हा फरशीवर आले.

पार्लर दोघी जावांचं होतं. मध्यंतरी केस धुण्याच्या जागी ओल्या फरशीवर थोरलीचा पाय घसरला, आधारासाठी तिने नळ धरला आणि उजव्या खांद्यात काहीतरी कट्कन झालं. पहिल्या डॉक्टरांनी हात झोळीत अडकवायला आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. थोरलीने विश्रांती इतकी मनापासून घेतली की झोळी काढायची वेळ उलटून गेली तरी काढली नाही. मग शेक झाले, इंजेक्शन झालं, मामेबहिणीकडून चोळून घेणंही झालं. हात कमरेच्या वर जाईना.

"ताई, बाजारामागे एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, फिजिओथेरपिस्ट," धाकटी म्हणाली होती. "एकदा दाखवून तर या."

"तुझ्या ओळखीच्या तुलाच लखलाभ," थोरली म्हणाली होती. गिऱ्हाइकं हिची, कौतुक हिचं, आता बरं वाटलं तर त्याचं श्रेयसुद्धा हिलाच द्यायचं? त्यापेक्षा हात लुळा राहिलेला परवडला, असंही तिला वाटून गेलं, आणि तिने ते मनातून पुसलंही नाही.

पण शाळेतल्या बाईंचं ते 'या वेळी' तिला झोपू देईना. दुसऱ्याच दिवशी दुकानातून डोकं दुखतंय म्हणून निघाली आणि कुणाला न सांगता बाजारामागच्या त्या खोलीत जाऊन बसली.

"आधी ही झोळी काढा," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "जपून जपूनच तुमचा खांदा आखडलाय. त्याला आता हळूहळू कामाला लावायचं."

त्यांनी तिला भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंतीवर चालत जायचं, वर, दुखेल तिथे क्षणभर थांबायचं, खांदा कानाकडे उचलून लबाडी करायची नाही. पहिल्या दिवशी थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती जिद्दीला पेटली होती. हळूहळू बोटं खांद्याच्या वर गेली, मग कपाळाच्याही वर. घरात मात्र तिने याचा पत्ता लागू दिला नाही. दुकानात शिरायच्या आधी ती जिन्यात थांबून पुन्हा झोळी अडकवायची. एक दिवस सगळ्यांदेखत ती काढायची, कात्री उचलायची आणि धाकटीचं तोंड कसं होतं ते बघायचं, हा बेत ती रोज थोडाथोडा चघळत होती.

त्या दिवशी ती नेमलेल्या वेळेच्या बरीच आधी पोचली. आतल्या पडद्यामागून ओळखीचा आवाज आला. तिने पडद्याची कड सरकवली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची बोटं भिंतीवरून चढत होती. खांद्याच्या पातळीला आली आणि थांबली. पुढे सरकेनात.

थोरलीला पहिल्यांदा आनंद झाला. माझा हात हिच्यापेक्षा वर जातो! खरोखरच मनात गुदगुल्या झाल्या.

"दोघींचं काम एकटीने ओढलंत, खांदा तक्रार करणारच," व्यायामाच्या बाई म्हणत होत्या. "थोडे दिवस कात्री खाली ठेवा."

"कशी ठेवू? ताईंचा हात मोकळा होईपर्यंत मला थांबून चालायचं नाही. दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मग त्या बऱ्या होऊन करणार काय?"

"मग निदान घरी तरी सांगा."

"नको, नको," धाकटी हसली आणि हसताना कळवळली. "आधीच त्यांना वाटतं मी त्यांची खुर्ची बळकावली. आता म्हणतील, दुखणंसुद्धा माझंच उचललं."

थोरलीने पडदा सोडला. अगदी हेच म्हणाली असती ती, याच शब्दांत. कानशिलं तापली. कुणी पाहायच्या आत ती बाहेर पडली आणि रस्त्याने चालताना दोनदा माणसांना धडकली.

दुपारी शाळेतल्या बाई आपल्या बहिणीला घेऊन पार्लरमध्ये आल्या. धाकटी खिडकीशी टॉवेलच्या घड्या घालत होती. थोरली दारातून आत आली, ती झोळीशिवायच.

"बहिणीचे केस कापायचेत," बाई म्हणाल्या. "पण धाकट्या बाईंकडूनच हं. रागावू नका."

थोरली रागावली. चांगलीच रागावली. तो राग गिळत तिने खुर्ची बहिणीकडे फिरवली.

"आज तिचा हात मोकळा नाही. मी कापते."

"अहो, त्या तर रिकाम्याच उभ्या आहेत!"

"म्हटलं ना, हात मोकळा नाही तिचा," थोरली म्हणाली आणि उजव्या हाताने वरच्या फळीवरची कात्री काढली.

खिडकीशी टॉवेलची घडी अर्धवट राहिली. थोड्या वेळाने धाकटी येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि दुखरा हात तिने मांडीवर ठेवला.