लोणीला जायला हवं

"आत ये की, दारात का उभी?" हिराची सासू बानूबाई म्हणाली आणि मेंढरांकडे निघून गेली. पोटचा पोर गेला तरी मेंढरांना चारापाणी करावंच लागतं.

आरतीचे पाय मात्र उंबऱ्याशीच अडले. बोरीहून लोणीला येताना काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. चौकात 'वीर जवान बिरदेव अमर रहे' असा फ्लेक्स लागला होता, त्यावर बिरदेवपेक्षा पुढाऱ्यांचेच चेहरे मोठे. तो पाहिला आणि ती सगळं विसरली.

तिचा नवरा आदेश आणि हिराचा बिरदेव एकाच कमांडो तुकडीत. डोंगरमाथ्यावर अतिरेकी दबा धरून बसलेले. ही पोरं बर्फातून, दोर लावून मागच्या कड्याने चढली. सगळ्यात पुढे बिरदेव. माथ्यावर आदेशच्या पायात गोळी शिरली, तो उघड्यावर पडला. बिरदेव त्याच्या आडवा उभा राहून गोळ्या झाडत राहिला, बाकीच्यांनी आदेशला मागे ओढून नेईपर्यंत जागचा हलला नाही. हॉस्पिटलातून फोनवर हे सांगताना आदेश लहान पोरासारखा रडला होता.

हे सांगणं एक वेळ जमलं असतं. आरतीला खात होतं ते वेगळंच. त्या दिवशी टीव्हीवाले नुसतेच ओरडत होते, जुन्नर-आंबेगावकडचा एक जवान शहीद. नाव सांगत नव्हते. तुकडीत इकडचे दोघेच होते. आणि आरतीने देव्हाऱ्यापुढे पदर पसरला होता.

हिरा घोंगडीवर बसली होती, मोकळ्या कपाळाने. आरतीला तिच्याकडे बघवेना.

"हिराताई, भावजी आडवं उभं ऱ्हायले म्हनून आमचे हे वाचले," ती कशीबशी म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "आन् मी... नाव कळायच्या आदी देवाला म्हनले, माझा नको. माझा नको म्हंजी कुनाचा, ते ठावं व्हतं मला. लई पाप केलं गं मी."



"तू नाव तरी घेतलं न्हाईस," हिरा म्हणाली. "मी घेतलं व्हतं. आदेशभावजींचं."

बाहेर बानूबाई मेंढरांना हाकारत होती. हिराने घोंगडीवर थोडं सरकून जागा केली.

"बस. पाय वाचंल ना त्यांचा?"

"वाचंल," आरती म्हणाली. तेवढं सांगतानाही तिची मान वर झाली नाही.