मेबलची चिठ्ठी

"डेल, कॉफी खाली ठेव आणि बूट घाल. मेबलला कळा सुरू झाल्यात."

फोनवर आर्डिस होती. माझ्याशी ती तीन वर्षांत धड बोलली नव्हती. चूक माझीच होती, म्हणून कारण न विचारता गाडी काढली.

आर्डिस लुंडक्विस्ट आमच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवते. तिचा नवरा ऑर्व्हल बोआ साप पाळायचा, अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. त्याच्याकडे एक पांढरी मादी होती, केशरी पट्ट्यांची आणि लाल डोळ्यांची. ती मेली, पण तिच्या तपकिरी पोरी राहिल्या. बोआंमध्ये हा पांढरेपणा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला, तर तो आत दडून राहतो आणि जनावर तपकिरीच दिसतं. ऑर्व्हल त्या पोरी विकायचा तेव्हा सोबत स्वतःच्या हाताने हमीची चिठ्ठी लिहून द्यायचा. कॅन्ससमध्ये तेव्हा त्या चिठ्ठीला मान होता.

त्यातलीच मेबल मी घेतली. माझ्याकडचा पांढरा नर तिला लावला. निम्मी पिल्लं तरी पांढरी यायला हवी होती. एकोणीस झाली, एकोणीसच्या एकोणीस तपकिरी! मी पडलो तापट. साप पाळणाऱ्यांच्या क्लबाच्या शनिवारच्या सभेत उभा राहिलो, म्हणालो, "हा माणूस थापा मारतो," आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडून फेकली. ऑर्व्हल एवढंच म्हणाला, "मी खोटं लिहीत नाही, डेल." पुढच्या महिनाभरात लोक त्याच्याकडून घेतलेले साप परत करू लागले. मीही मेबल परत केली, वर तीन तपकिरी नर पिल्लं फुकट टाकून आलो. त्याच हिवाळ्यात ऑर्व्हल गेला. त्याच्या मातीला मी मागच्या रांगेत बसलो होतो.

गेलो तर आर्डिस स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती, समोर काचेची पेटी. अंगात ऑर्व्हलचा चौकड्यांचा शर्ट, गळ्यात बसच्या किल्ल्या.

"बाप कोण?" मी विचारलं.

"तुझ्या त्या तीन भिकार पिल्लांपैकी कुणीतरी. तिघंही सोडले होते."

"अगं, मुलगेच आईला? आणि त्यांच्यात पांढरं येणार कुठून?"

"डेल, तुला अजून कळलं नाही? माझी बस पिवळी, ती दुसरी बस चालवणाऱ्या हेझलची पण पिवळी. म्हणून दोन्ही एकाच वाटेने जातात का रे?"

मी खुर्ची ओढून बसलो. दोन पांढरे रंग! दिसायला सारखे, पण वाण वेगळे. माझ्या नराचा पांढरा एक, ऑर्व्हलच्या मादीचा दुसरा. दोघांची गाठ पडणारच नव्हती, पिल्लं तपकिरीच होणार होती. चाळीस वर्षं साप पाळणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पण मला माझ्या नराचा माज, त्यामुळे खोटा ठरला ऑर्व्हल.

"त्या तिघांतल्या एकात तरी मेबलकडून आलेला ऑर्व्हलचा रंग दडलेला असणार," आर्डिस म्हणाली. "आज नाही दिसला, तर तुझं खरं. मेबल म्हातारी झालीये. पुन्हा नाही व्हायची तिला पिल्लं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"साक्षीला. क्लबाचा नियम आहे ना, नव्या रंगाला परका साक्षीदार लागतो? तुझ्यापेक्षा परकं कोण आहे मला?"

लागलं मला. मी पेटीजवळ सरकलो.

पातळ पडद्यात गुंडाळलेली पिल्लं एकेक बाहेर येऊ लागली. तपकिरी. तपकिरी. पुन्हा तपकिरी. नववं झालं तेव्हा आर्डिस किल्ल्या घट्ट धरून बसली होती. अकरावं झालं. मेबल दमून पडली. मला वाटलं, संपलं. मी आयुष्यात इतक्या कळकळीने काही मागितलं नसेल. आपणच खोटं ठरावं म्हणून देवाची करुणा भाकत होतो मी!

मेबलने अंग आवळलं. बाराव्याचा पडदा फाटला आणि आतून लाल डोळ्यांचं पांढरं, केशरी पट्ट्यांचं डोकं वर आलं.

"आलं!" मी एवढ्याने ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पाठोपाठ आणखी दोन! आर्डिस हसत होती, रडत होती आणि फरशीवर थापा मारत होती. "बघ! बघ, गाढवा! काय लिहिलं होतं त्याने?"

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. साप परत करणारे सगळे हजर होते, आता पुन्हा मागायला. आर्डिसने तीन पांढरी पिल्लं टेबलावर मांडली आणि मला पुढे बोलावून हातात एक कागद दिला. दोन तुकडे, चिकटपट्टीने जोडलेले. मी फेकल्यावर तिने ते तेव्हाच उचलले होते.

"वाच," ती म्हणाली.

"मेबल. हिच्या अंगात पांढरा..." मी पुटपुटलो.

"मोठ्याने, डेल. मागच्या बाकांना ऐकू येत नाहीये."

मी मागच्या भिंतीकडे बघत पहिल्यापासून वाचलं. "मेबल. हिच्या अंगात पांढरा रंग आहे. हमी माझी. ऑर्व्हल लुंडक्विस्ट."

पहिल्या रांगेतली हेझल उभी राहिली, मग सगळंच सभागृह. टाळ्या थांबेनात. आर्डिसने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, त्या चौकड्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.