तीन पायऱ्यांचा घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. शेपूट शोधू नका, ते मला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात उंचावरची पुस्तकं काढायला तीन पायऱ्यांचा लाकडी घोडा असतो ना, तोच मी. मला चार पायऱ्या व्हायच्या होत्या, पण सुताराचं लाकूड संपलं. त्यामुळे बुटक्या मुलांना माझ्यावर चढूनही टाचा उंचावाव्या लागत.

तरी माझी ऐट काही कमी नव्हती. सर्वांत जास्त मागणी असलेली पुस्तकं अगदी वरच्या फळीवर होती. कुणीतरी कधीतरी तिथे ठेवली होती, म्हणून ती तिथेच होती. दिवसभर अंगावर पावलं पडत आणि मला वाटे, माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही.

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. त्या दिवसभर काउंटरपाशी उभ्या असत, कारण तिथे खुर्ची ठेवायची पद्धत नव्हती. शिक्षकांच्या खोलीतही त्यांना जागा नव्हती. त्या शिक्षकांत मोडत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्या कपाटांच्या आड माझ्यावर बसून डबा खात. पण शिकवत मात्र झकास. प्राचार्यांच्या मागे लागून लागून त्यांनी आठवड्याचा एक तास मिळवला होता. हवं ते कसं शोधायचं, हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या तासाला शिकवत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुला पुस्तक हवंय, की त्यातलं काही हवंय?"

त्या तासाला चाकांच्या खुर्चीतून एक मुलगी यायची. वाद घालण्यात पटाईत, म्हणून मैत्रिणी तिला वकील म्हणत. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला मोठ्या उत्साहाने तिच्यासमोर ढकललं. तिने माझ्याकडे पाहिलं, वरच्या फळीकडे पाहिलं आणि हसली.

"बाई, हा घोडा माझ्या काय कामाचा? नाव माहीत असलं तर कुणी पुस्तक काढून देईल. पण चार पुस्तकं चाळून मी कधी बघणार?"

मित्रांनो, मी लाजेने चूर झालो. सुट्टी लागताच बाईंनी आणि शिपाईमामांनी मिळून सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या. मागणीची पुस्तकं बसल्याजागी हाताला येतील अशी मधे आणली आणि कुणी न उघडलेले जाडजूड ग्रंथ वर चढवले. काम न्यायाचं होतं, कळत होतं मला. पण माझं काम गेलं आणि मी कोपऱ्यात धूळ खात रुसून बसलो.

एके दिवशी प्राचार्य आले. पुढच्या महिन्यापासून बाईंचा तास बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. शिकवणं वर्गात होतं, ग्रंथालयात पुस्तकं देतात, असं त्यांचं मत. बाईंचा चेहरा उतरला. जाता जाता सरांना एक संदर्भग्रंथ हवा होता. बाई पुढे झाल्या, पण सर म्हणाले, "राहू द्या. वीस वर्षं तो कुठे आहे, मला माहीत आहे." आणि मला ओढून ते तिसऱ्या पायरीवर चढले. कितीतरी दिवसांनी अंगावर पाऊल पडलं, मी हरखून गेलो! सरांनी वरची फळी तीनदा धुंडाळली. ग्रंथ मिळेना.

शेजारी वकील वाचत बसली होती. तिने वर बघून विचारलं, "सर, तुम्हाला पुस्तक हवंय, की त्यातलं काही हवंय?"

सरांना एका जुन्या कायद्याची तारीख हवी होती. तिने यादीतून क्रमांक काढला, खुर्ची वळवली, मधल्या फळीवरून तो ग्रंथ घेतला आणि शेजारची नवी आवृत्तीही. जुन्यात तारीख चुकली होती, ती नव्यात दुरुस्त होती. सर अजून माझ्यावरच उभे होते.

"हे तुला कुठल्या सरांनी शिकवलं?"

"सरांनी नाही. बाईंनी. तुम्ही बंद करताय त्या तासाला."

सर हळूच खाली उतरले. तास राहिला. शिक्षकांच्या खोलीत बाईंसाठी खुर्ची आली, आणि बाईंनी हट्टाने काउंटरपाशीही एक मागून घेतली.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाला हवं ते वरच्या फळीवर राहिलंय का, ते एकदा बघा. नुसता घोडा पुढे ढकलू नका, जमलं तर फळी खाली आणा. माझी काळजी करू नका. मी आता रोज पुसलेला असतो. तासाला बाई काउंटरची उंच खुर्ची सोडून माझ्या दुसऱ्या पायरीवर बसतात, कारण तिथून त्यांचे डोळे वकिलाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर येतात.