चाळिसाला एक

मधाचा वास येणारी मेणाची वडी.
बायबलच्या शेजारी ठेवलेला बारीक वजनकाटा.
अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवून घट्ट झालेलं मनगट.
१९९१ सालच्या स्पर्धेत मिळालेला, कथिलाचा म्हणून कपाटावर मिरवणारा पेला.
थरथरणारा उजवा हात.

हात ऑर्व्हिलचा. मनगट त्याच्या मुलीचं, मार्लिसचं. मॉन्टानातल्या त्यांच्या क्लबच्या जुन्या रायफलींसाठी शिशाच्या गोळ्या आजवर ऑर्व्हिलच घरी ओतत आला होता. यंदा ओगराळं हातात ठरेना. शनिवारी स्पर्धा होती, आणि गोळ्या मी ओतते, असं मार्लिसनं क्लबला परस्पर सांगून टाकलं होतं. जमलं तर काम तिचं. नाही जमलं तर संघ विकतच्या गोळ्या आणणार आणि या घरातली भट्टी कायमची विझणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी गॅरेजचं दार सताड उघडून तिनं शिसं वितळवलं, मेणाचा तुकडा टाकून वरचा मळ काढला. ऑर्व्हिलचा नियम विसाला एकचा: वीस भाग शिसं, एक भाग कथील. त्याशिवाय साच्याचे कानेकोपरे भरत नाहीत. शिल्लक कथील चाळिसाला एक या प्रमाणालाच पुरेल इतकं होतं. पहिल्या दहा गोळ्या निघाल्या त्या बोथट कडांच्या, सुरकुतलेल्या.

“माझ्या गालांवर गेल्यात,” ऑर्व्हिल म्हणाला. मग आत गेला, तो पेला घेऊन आला आणि तिनं हो-ना करायच्या आत भट्टीत सोडला.

कथील असतं तर बघता बघता विरघळलं असतं. पेला शिशावर बदकासारखा तरंगत राहिला. मार्लिसनं चिमट्यानं तो झटकन बाहेर काढला.

“डॅड, हे जस्त आहे. आच आणखी चढली असती तर अख्खं शिसं नासलं असतं.”

ऑर्व्हिल पेल्याकडे बघतच राहिला. “आणि मी पाहुण्यांना याला हात लावू देत नव्हतो.”

मार्लिसनं हसू दाबलं. साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशात धरून तिनं तो चांगला तापवला आणि वेग वाढवला. ओतायचं, पाचपर्यंत मोजायचं, उघडायचं, पुन्हा ओतायचं. साच्याला निवायला उसंतच दिली नाही. विसाव्या गोळीपासून कडा कातीव निघू लागल्या.

त्या निवल्यावर ऑर्व्हिलनं एकेक काट्यावर ठेवली. खोट काढायलाच बसला होता तो. पन्नास झाल्या तरी वजनात म्हणण्यासारखा फरक सापडेना. एक्कावन्नावी त्यानं न तोलताच डब्यात टाकली.

शनिवारी क्लबात, गोळ्या यंदा कुणी ओतल्या हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी त्याची पाठ थोपटली. म्हणे, म्हातारा झालास तसा हात सुधारला तुझा.

“माझा नाही, मार्लिसचा,” ऑर्व्हिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “चाळिसाला एक. आणि मी शिकवलं म्हणू नका. मी विसाला एक शिकवलं होतं.”

कित्येक वर्षांपूर्वी ऑर्व्हिलनं पहिल्यांदा साचा हातात धरला होता, त्या दिवशी त्यानं ओतलेल्या साठ गोळ्यांतली एकही वापरण्याजोगी नव्हती.