राजांना खुपलेलं जातं

या मित्रांनो, असे जवळ बसा. फक्त माझ्यावर बसू नका, माझ्यावर बसायची रीत नाही. मी जातं आहे. वय झालंय, कडा झिजल्यात, पण घरघर अजून दमदार आहे. दगडाच्या पोटी जन्मले आणि बायकांच्या हाताखाली वाढले, म्हणून बोलते बाईसारखी.

मंगळवेढ्याकडच्या खाणीतला मी काळा दगड. पाथरवटाने मला बाहेर काढलं आणि छिन्नीने गोल केलं. तो एक घाव घालायचा आणि कान लावायचा. आतून तडकलेला दगड बद्द वाजतो. मी ठणकन वाजले. तेव्हा तो आपल्या बायकोला म्हणाला, "ही दोन पिढ्या दळंल." मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. दगडाने लाजायचं कशाला?

अंजनाच्या लग्नात तिच्या आईने मला विकत घेतलं. अंजनाचा नवरा शशिकांत कतारला नोकरीला होता, उम्म सईदच्या एका कारखान्यात फोरमन. शहात्तर साली त्याने तिला बोलावून घेतलं. तेव्हा मुंबईहून दोह्याला बोट जायची. धक्क्यावर मला उचलून तिच्या भावाचा श्वास फुलला. तो म्हणाला, "ताई, तिकडं सगळी वाळू. त्यात हा धोंडा कशाला?"

अंजना म्हणाली, "वाळू खाता येत नाही म्हणून."

समुद्र खवळला तेव्हा बोटीवरच्या ट्रंका इकडून तिकडे पळत होत्या. माणसं ओकत होती. मी तेवढी जागची हलले नाही. अंजना माझ्या कडेला धरून बसली होती. भीती जावी म्हणून ती तिथेच गुणगुणली:

समुद्र ओलांडते, बाई, दगडाच्या जोडीनं
माहेर बांधून नेते लुगड्याच्या घडीनं

माझ्यापुढे बसून गायिलेली ती परदेशाच्या वाटेवरची पहिली ओवी.

दोह्याला कंपनीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर मिळालं. शशिकांतने मला पाहून कपाळावर हात मारला. सोन्याच्या देशात बायको दगड घेऊन आली, असं तो पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होता. पण दोह्यात मैदा मिळे, पाव मिळे, तंदूरवरची गरम खुब्ज रोटी मिळे. मिळत नव्हतं ते फक्त ज्वारीचं पीठ. आणि ज्वारीवाचून बार्शी-मंगळवेढ्याच्या माणसाचं पोट भरतं, पण जेवण होत नाही.

धोंडीराम हा असाच एक न जेवलेला माणूस. गाव बार्शीजवळ, बायको बायडाबाई गावी, आणि हा इथे गोड्या पाण्याचा टँकर घेऊन अल खोरच्या वाटेवर. मिशा अशा की आधी त्या दारात यायच्या, मागून तो. त्यानेच बाजारात एका दुकानात ज्वारी शोधून काढली. तिथे ती पाखरांना घालायला ठेवलेली होती. दुकानदाराने विचारलं, कबुतरं किती पाळलीस? धोंडीराम म्हणाला, पुष्कळ, आणि सगळी मिशांची.

ते पोतं त्याने खांद्यावरून आणून माझ्याजवळ टाकलं. "वैनी, जोंधळा घावला. आता तुमी हाय आन् ह्यो दगड हाय."

मग शुक्रवारचा पायंडाच पडला. शुक्रवारी कामांना सुट्टी. त्या पहाटे अंजना उठायची, माझ्या तोंडात मूठ मूठ ज्वारीची वैरण घालायची, खुंटा धरायची आणि माझं वरचं पाळं गरगर फिरू लागायचं. दुपारी तीस मैलांवरून एकटे राहणारे गडी यायचे. वेल्डर, सुतार, ड्रायव्हर. भाकरी मोडताना कुणी बोलत नसे. जेवून झाल्यावर मात्र जाताना एकेक जण मला हात लावून जाई. देवळातल्या पायरीला लावतात तसा. मला अभिमान का नसावा, सांगा बरं?

अशी सात वर्षं गेली. बोटीवर दोन वर्षांची असलेली अंजनाची लेक नयना आता इंग्रजी शाळेच्या चौथीत होती. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. आई म्हणे, "ये गं, वैरण घाल जरा." लेक म्हणे, "आय हॅव होमवर्क, आई."

आणि खालच्या मजल्यावर प्रतापराव राहायला आले. पुण्याचे गृहस्थ, कंपनीच्या घरांची सगळी व्यवस्था त्यांच्या हाती. त्यांनी दोन शुक्रवार सोसलं. तिसऱ्या शुक्रवारी ते जिना चढून वर आले, दारातूनच मला पाहिलं आणि म्हणाले की ही कंपनीची इमारत आहे, पिठाची गिरणी नव्हे. आठवड्याच्या आत हे इथून हललं पाहिजे. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बागेतल्या वाटेला फरशा बसवतोच आहोत. त्यात बसवून टाकू. दगड छान आहे, शोभेल."

शोभेल! मित्रांनो, मी दळणारी. आणि मला पायाखाली शोभावं लागणार होतं.

शशिकांतने बायकोला समजावलं. घर साहेबांच्या हाती, साहेबांशी वाकडं घेऊन चालणार नाही. अंजनाने धोंडीरामला निरोप धाडला, की पुढच्या शुक्रवारपासून येऊ नका, भाकरी व्हायची नाही. तो निरोप ऐकून धोंडीराम आला, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "वैनी, आठवडाभर त्या रस्त्यावर नुसती वाळू बगतो मी. शुक्रवार हाय म्हणून डोळं उघडं ऱ्हात्यात."

त्याच आठवड्यात नयनाच्या शाळेत प्रदर्शन होतं. एका टेबलावर अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृती, माया, अझ्टेक, इंका. दुसऱ्या टेबलावर मध्ययुगातल्या युरोपची राज्यं. नयना अमेरिकेच्या टेबलावर होती. इतरांनी पुठ्ठ्याचे पिरॅमिड केले, पिसांचे मुकुट केले. नयनाकडे काहीच नव्हतं. तिने मला पाहिलं, आईला विचारलं, आणि धोंडीरामने मला टँकरच्या केबिनमध्ये शेजारी बसवून शाळेत पोचवलं.

नयनाने माझ्यापुढे मक्याची कणसं ठेवली आणि चिठ्ठी लावली, की मी प्राचीन अमेरिकेचं धान्याचं यंत्र आहे. माझी छाती दगडाची, तरी फुगली. शेजारी पिरॅमिड, आकाशातले तारे मोजणारी माणसं, डोंगर कोरून केलेली शेतं. वाटलं, हे माझंच गणगोत!

तेवढ्यात रबिया टीचर आल्या. हैदराबादच्या होत्या, इतिहास शिकवायच्या, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी मला हात लावला आणि हसून नयनाला सांगितलं की ही चूक आहे. त्या लोकांनी डोंगराएवढी मंदिरं बांधली, मुलांना चाकाची खेळणीसुद्धा केली, पण फिरणारं जातं त्यांच्याकडे नव्हतं. तिथली बाई एका उतरत्या दगडापुढे गुडघे टेकून बसायची, चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दुसऱ्या दगडाने वाटायची आणि मातीच्या तव्यावर पातळ भाकरी भाजायची. मायांची तर गोष्टच आहे की देवांनी माणूस घडवला तो मक्याच्या पिठाचा.

खरं सांगते, क्षणभर मला राग आला. माझ्यावाचून एवढी राज्यं जेवली कशी? मग ती गुडघे टेकलेली बाई डोळ्यांपुढे आली. तिचे दंड भरून येत असतील. तीही काही गात असेल. माझा राग पिठासारखा उडून गेला. आमचं गोत घडणीचं नसेल, हातांचं होतं.

रबिया टीचरनी मला उचलवून युरोपच्या टेबलावर ठेवलं. फिरणारी जाती युरोपातही होती, हिची जागा इथे, म्हणाल्या, आणि हिची कहाणीही इथली आहे. मग त्यांनी ती कहाणी नयनाला सांगितली. नयनाने ऐकता ऐकताच जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहायला घेतली.

संध्याकाळी आईबाप आले. प्रतापरावांचा मुलगाही त्याच वर्गात, थर्माकोलचा किल्ला त्याचाच. टाय बांधलेले प्रतापराव किल्ला पाहायला आले आणि माझ्यापुढे थबकले. पलीकडे अंजना, शशिकांत आणि आंघोळ करून भांग पाडलेला धोंडीराम. नयनाने इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली. मग तिने आईकडे पाहिलं आणि ती मराठीत बोलू लागली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत.

"आई, तिकडे जहागीरदाराची गिरणी असायची. सगळ्यांनी तिथेच दळायचं आणि थोडं धान्य त्याला द्यायचं. घरी जातं ठेवलं तर त्याची माणसं येऊन उचलून न्यायची." तिने माझ्या कडेवर हात ठेवला. "इंग्लंडमध्ये एक मोठा मठ होता. त्याच्या मुख्य महंताने गावातली सगळी जाती जमा केली. आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी केली."

नयनाने मान वर केली. "अंकल, तुम्ही पण आमच्या जात्याची फरशी करणार आहात ना?"

प्रतापरावांनी टायची गाठ सैल केली. त्यांचा मुलगा खुशीत येऊन म्हणाला, "बाबा, पुढे काय झालं माहितीये? पन्नास वर्षांनी लोक आले आणि ती फरशी फोडली. तुकडे घरी नेले, प्रसाद वाटतात ना, तसे."

आधी धोंडीराम हसला, मिशांच्या आडून. मग रबिया टीचर. सगळ्यांत शेवटी प्रतापराव. "म्हणजे मी महंत झालो," ते म्हणाले. मग अंजनाकडे वळले आणि त्यांचा आवाज साहेबाचा राहिला नाही. "वहिनी, शुक्रवार हा एकच दिवस झोपायला मिळतो हो मला. पहाटे डोक्यावर ढग गडगडतात. मी काय करू?"

अंजना त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली. "अहो भाऊसाहेब, असं आहे होय? मग तेच सांगायचं ना. दळण पहाटेचंच असतं, म्हणून मी उठते. इथे कोंबडा नाही, शेतावर जायचं नाही. मग पहाटेच कशाला दळायचं, हे माझंच मला सुचलं नाही."

मला हलवलं गेलं ते तळमजल्याच्या व्हरांड्यात. दळण दहा वाजता, ऊन चढल्यावर. बागेतल्या वाटेला सिमेंटचे ठोकळे लागले. शुक्रवारच्या पंगतीत प्रतापराव सर्वांत आधी ताट घेऊन बसू लागले. आता जाणारा-येणारा ऐकायचा, आणि अंजना मोकळ्या गळ्यानं गायची:

सातासमुद्रापल्याड बाई गुडघे टेकून वाटी
तिचा मका, माझा जोंधळा, लेकरांच्यासाठी
राजाच्या महाली बाई, जात्यांची फरशी
पायाखाली अन्नपूर्णा, राजा उपाशी

लेकीकडून ऐकलेला परदेश तिने असा ओवीत दळून घेतला. समोर बसून वैरण घालायची ती नयना.

पण मित्रांनो, नोकऱ्या कुणाला पुरल्यात? शहाऐंशी साली कारखान्याने माणसं कमी केली. शशिकांतचं नाव त्यात आलं. मुंबईची बोट केव्हाच बंद झाली होती. आता विमान, आणि विमानाच्या काट्यावर मी म्हणजे अख्ख्या घराचं सामान. मी परत जाणार नाही, हे मला सगळ्यांत आधी कळलं.

शाळेने मला मागितलं. काचेचं कपाट, वर दिवा, सोनेरी अक्षरांत नाव. मोह झाला मला, खोटं का बोलू? राजांना नको झालेली मी, काचेत राणीसारखी दिसले असते. पण अंजनाने धोंडीरामला बोलावलं. हे तुम्ही घेऊन जा, म्हणाली.

धोंडीराम कसनुसा झाला. "वैनी, आमी सगळी गडीमाणसं. दळणार कोण?"

"खाणार कोण?"

"आमीच की."

"मग बसा."

तो मांडी घालून बसला. उजव्या हाताने खुंटा धरला आणि टँकरचं स्टिअरिंग वळवावं तसा झटका दिला. पीठ कमी, कणीच जास्त पडली. व्हरांड्यात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. अंजना हसली नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवून वेग दाखवला, घास केवढा घालायचा ते दाखवलं. दुपारपर्यंत धोंडीरामचा शर्ट भिजला, मिशा पांढऱ्या झाल्या, आणि परातीत भाकरीपुरतं मऊ पीठ पडलं. तेव्हा कुठे अंजनाने पदराने माझी कड पुसली आणि पाठ फिरवली. नयना मात्र विमानतळाच्या गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहत होती.

आज मी अल खोरच्या रस्त्यावरच्या कामगारांच्या कॅम्पात आहे. पत्र्याची खोली, खाटांच्या रांगा, दारात चपलांचा ढीग. इथे एकही बाई नाही. वर्ष-दोन वर्षांनी माझं तोंड गुळगुळीत होतं, तेव्हा महिपती नावाचा गवंडी मला छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरबरीत करतो. शुक्रवारी पाळी लावून हे गडी माझ्यापुढे बसतात. पाळी चुकवली की भाकरी नाही, हा त्यांनीच केलेला कायदा. कुणाचा आवाज बेसूर, कुणाला ओळ आठवत नाही. पण धोंडीराम बसला की बाकीचे गप्प होतात. तो त्याची स्वतःची ओवी म्हणतो:

दळता दळता आला फोड तळहाताला
बायडाबाई, तुझा शीण आज कळला नवऱ्याला

मित्रांनो, मक्याच्या देशातल्या गुडघे टेकलेल्या बाईची ओळ कुणी लिहून ठेवली नाही. महंताच्या फरशीतल्या जात्यांवर काय गायिलं जाई, तेही कुणाला ठाऊक नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जिन्याखाली धूळ खात पडलं असेल, तर त्याला रंग देऊ नका आणि त्यावर कुंडीही ठेवू नका. मूठभर धान्य घाला, समोर एखाद्याला बसवा आणि फिरवा. हात भरून येतील, येऊ द्या. पीठ पडू लागलं की घरात ज्यांनी जन्मभर तुमच्यासाठी दळलं, रांधलं, उपसलं, त्यांना जरा हाक मारा आणि म्हणा, तुम्ही बसा, आज मी करतो.